वार

पहाटे साडेचारला ऑर्व्हिल टेस्मरचा फोन.
"डॉक्टर, तीन गेली. या."
एवढंच. बायको गेली तेव्हाही
हा माणूस इतकंच बोलला होता म्हणे.

नायोब्राराच्या अलीकडे खडीचा रस्ता संपतो.
पुढे गवत, गवतापुढे पुन्हा गवतच.
मार्च संपत आलेला. कुंपणाच्या तारेवर
दहिवर गोठून काटे दुप्पट झालेले.

फाटकाशी तिला टांगली होती,
मागचे पाय सुतळीनं बांधून, डोकं खाली.
शेपटीच्या टोकाला काजळ.
कोल्हा म्हणावं तर थोराड,
लांडगा म्हणावं तर उपाशी.
इथे कायोटी म्हणतात.
माझ्या तोंडून अजून कोल्हीणच निघतं.
पोट जड होतं तिचं.
मी हात लावला नाही. न लावताच कळतं.

रात्रीची हकिगत नातवानं सांगितली,
ट्रेस, वय चौदा, दात घासायचा राहिलेला.
एक डबा असतो. बटण दाबलं की
डब्यातून ससा रडतो.
ससा कुठेच नाही,
कुठल्याशा कारखान्यात भरून ठेवलेलं
त्याचं मरण फक्त.
पंचेचाळीस सेकंद. थांबायचं. पुन्हा.
वारा तोंडावर घ्यायचा, खोकायचं नाही.

"ती सरळ येत नाही, वळसा घेऊन येते.
आली, आणि डब्याकडे बघत राहिली
मान तिरकी करून,
आमची डॉटी टीव्हीकडे बघते ना, तशी."
इथे तो जरा अडला.
मग म्हणाला, दोनशे दहा यार्ड.

गोठ्यात तिघांना पोत्यावर मांडलेलं.
मी सुरी काढली, बादलीत पाणी मागितलं.
शिरवळला आमचे सर सांगायचे:
एकदा जरी श्वास घेतला असेल ना पोरांनो,
फुप्फुस तरंगतं.

पहिल्याचं बुडालं.
दुसऱ्याचंही, सावकाश,
ओल्या पानासारखं तळाला टेकलं.
खुरांवरची मऊ साय तशीच शाबूत.
या दोघांनी एक पाऊलही टाकलं नव्हतं.

म्हणजे तिनं मारलेलं काही नव्हतं.
वाडग्याकडेला तीन मेंढ्यांची वार पडली होती,
ती चाटायला आली असणार.
कोल्हा काकडीला राजी.
मराठीत वार म्हणजे घाव,
आणि वार म्हणजे बाळामागून पडते ती.
ऑर्व्हिलला हे सांगण्यासारखं नव्हतं.
मी फक्त म्हणाले, मेलेलीच जन्मली, दोन्ही.
त्यानं टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली.

तिसरं तरंगलं.

त्याच्या कातडीखाली रक्त साकळलेलं,
पण गळ्याशी नाही. मांड्या फाडलेल्या,
कान चघळलेले,
आणि खाल्लेलं काहीच नाही.
भुकेचं काम नव्हे हे. खेळाचं.

डॉटी रोज माझ्या गाडीचं चाक हुंगायला धावते.
आज ती पिकअपखाली होती,
पंज्यांवर हनुवटी ठेवून.
ऑर्व्हिलनं तिच्याकडे पाहिलं.
मग मी पाहिलं.
मग आम्ही दोघांनीही दुसरीकडे पाहिलं,
कारण पोरगं आमच्याकडे बघत होतं.

"ट्रेस, बस येईल तुझी."
"अजून वीस मिनिटं आहेत."
"तरी जा."

भरपाईच्या अर्जावर तीन रकाने.
दोन भरले.
तिसऱ्यावर पेन ठेवलं तर थंडीनं शाई उतरेना,
किंवा उतरत असेलही.
ऑर्व्हिलनं चाकू काढला, फाटकाशी गेला.
सुतळी कापताना एका हातानं त्यानं
तिला खालून धरलं होतं,
पडू नये म्हणून.

डोंगरी नाही इथे, तरी कुठून तरी
उजाडता उजाडता कोल्हेकुई सुरू झाली.
एक. मग दोन. मग मोजता येईनात.
पिकअपखाली डॉटीनं कान टवकारले,
मान तिरकी केली.